लॅपटॉप चार्ज होत नाही, चालूच होत नाही? मदरबोर्ड गेला असं मान्य करायच्या आधी हे सगळं तपासा

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकूंची मुलगी लॅपटॉप छातीशी धरून आमच्याकडे आली, डोळे भरलेले, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्टचं सबमिशन तीन दिवसांवर आणि लॅपटॉप एकदम डेड. दुकानात दाखवला होता, तिथे पाच मिनिटांत सांगितलं की मदरबोर्ड गेलाय, चौदा हजार लागतील. चार्जर कुणी तपासलाच नव्हता. आम्ही तिच्या मैत्रिणीचा त्याच कंपनीचा चार्जर मागून आणला, लावला, अर्धा तास तसाच ठेवला आणि मग बटण दाबलं तर चालू. तिच्या अ‍ॅडॅप्टरची वायर पिनच्या मानेजवळ आतल्या आत तुटली होती, एवढंच झालेलं.

चौदा हजार ही त्या घरासाठी लहान रक्कम नाही, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय. यातलं बहुतेक काम घरी बसून, काहीही न उघडता होतं.

मुळात एकच गोष्ट डोक्यात ठेवायची. वीज भिंतीतून निघते, मग वायर, अ‍ॅडॅप्टर, पिन, लॅपटॉपचा जॅक, मदरबोर्डवरचं (म्हणजे आतल्या मुख्य बोर्डावरचं) चार्जिंग सर्किट आणि शेवटी बॅटरी असा तिचा रस्ता आहे. शेताच्या टोकाला पाणी पोचलं नाही की आपण पाटाच्या कडेने चालत जातो आणि कुठे फुटलाय ते बघतो ना, तेच इथे करायचं, भिंतीपासून सुरुवात करून पुढे पुढे. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार्जरही बदलला, सॉकेटही बदललं, बॅटरीही काढली आणि चालू झाला तर नक्की कशाने झाला ते कळत नाही आणि आठ दिवसांनी परत तिथेच येता.

त्याआधी तीन गोष्टी बघा, कारण यातली एकही असेल तर पुढचं काहीच करायचं नाही.

बॅटरी फुगलीये का? टचपॅड वर उचललं गेलंय, क्लिक होत नाही, खालचं झाकण मधून फुगीर झालंय, लॅपटॉप टेबलावर ठेवला की डुगडुगतो, झाकण पूर्ण मिटत नाही, ही सगळी फुगलेल्या बॅटरीची लक्षणं. अशा वेळी चार्जर काढा, बंद करा आणि परत लावू नका. दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, टोचून हवा काढायचा विचार तर मनातही आणू नका, लिथियमची बॅटरी फुटली की आग लागते आणि ती पाण्याच्या ग्लासाने विझत नाही. कचऱ्याच्या डब्यातही टाकू नका, सेवा केंद्रात किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

दुसरं, जळका वास. अ‍ॅडॅप्टरला किंवा लॅपटॉपला कधीही जळका वास आला असेल, पिन काळी पडली असेल, प्लास्टिक वितळलं असेल तर लावून बघू नका.

तिसरं, पाणी किंवा चहा सांडला होता का, आणि हे घरच्यांना शांतपणे विचारा, लहान मुलं ओरड्याच्या भीतीने सांगत नाहीत. सांडलं असेल तर चार्जर काढा, पॉवर बटण दाबून धरून बंद करा, उलटा तंबूसारखा ठेवा आणि उघडून साफ करून घेईपर्यंत परत चालू करू नका. तांदळात ठेवून काही होत नाही, पाणी सुकतं पण चहातली साखर आणि पाण्यातले क्षार बोर्डावर तसेच राहतात आणि हळूहळू तांबं खातात. उघडून, बॅटरीचा कनेक्टर काढून आयसोप्रोपाइल अल्कोहोलने बोर्ड साफ करावा लागतो, आणि हे काम जितक्या लवकर तितकं बरं.

हे तिन्ही नसेल तर आता शोध सुरू.

पहिलं ठरवायचं की "चालू होत नाही" म्हणजे नक्की काय होत नाही. बटण दाबल्यावर लाइट लागते का, पंखा फिरतो का, कान लावून ऐका. कॅप्स लॉक दाबून बघा, त्याची लाइट चालू-बंद होत असेल तर लॅपटॉप जिवंत आहे, फक्त चित्र दिसत नाहीये, आणि चार्जिंगचा काही संबंधच नाही. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका मारा, अगदी पुसट चित्र दिसलं तर बॅकलाइट (स्क्रीनमागची लाइट) गेलीये. घरातल्या टीव्हीला एचडीएमआय केबल लावून बघा, टीव्हीवर चित्र आलं तर बोर्ड ठीक आहे आणि दोष स्क्रीनचा किंवा तिच्या केबलचा. विंडोज असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा, ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, कधी कधी तेवढ्यानेच काळी स्क्रीन परत येते. लाइट ठरावीक वेळा लुकलुकत असेल तर मोजा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. डेलमध्ये पिवळी-पांढरी लाइट, एचपीमध्ये बहुतेक कॅप्स लॉकची लाइट असे इशारे देते, उदाहरणार्थ डेलमध्ये दोनदा पिवळी आणि तीनदा पांढरी म्हणजे रॅम (आतली मेमरीची पट्टी) सापडत नाहीये. हे कोड कंपनीच्या साइटवर मॉडेलप्रमाणे दिलेले असतात. दुकानदाराने आपल्याला काही सांगायच्या आधी लॅपटॉपने स्वतः काय सांगितलंय ते आपल्याला माहीत पाहिजे.

काहीच होत नसेल, लाइट नाही, पंखा नाही, तर भिंतीकडे या.

सॉकेट तपासायला टेस्टर पुरेसा नाही हे लक्षात घ्या. टेस्टर फक्त फेज दाखवतो, न्यूट्रल सुटलेला असेल तरी टेस्टर पेटतो आणि यंत्र मात्र चालत नाही. त्यापेक्षा त्याच सॉकेटला टेबल लॅम्प लावून बघा. एक्स्टेंशन बोर्ड, टू-पिनचं कन्व्हर्टर, स्पाइक गार्ड हे सगळं काढून अ‍ॅडॅप्टर सरळ भिंतीत लावा. आपल्याकडच्या जुन्या घरांत सॉकेटच्या पट्ट्या सैल झालेल्या असतात, पिन आत गेल्यासारखी वाटते पण धरत नाही. हात लावल्यावर मेटलच्या बॉडीला मुंग्या आल्यासारखं होत असेल तर बहुतेक अर्थिंग नाही, किंवा कन्व्हर्टर लावल्यामुळे तिसरी पिन कुठे पोचतच नाहीये. त्याने चार्जिंग थांबत नाही, पण इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग बघून घ्या, हे लॅपटॉपपेक्षा घरातल्या माणसांसाठी.

मग भिंतीपासून अ‍ॅडॅप्टरपर्यंतची वायर. बऱ्याच अ‍ॅडॅप्टरमध्ये ही वेगळी निघते, तीन पाकळ्यांची फुलासारखी पिन असते ती. ती आतून सैल होते. पूर्ण काढून परत घट्ट बसवा, आणि अशीच वायर दुसऱ्या एखाद्या लॅपटॉपची किंवा जुन्या चार्जरची असेल तर बदलून बघा. ही वायर दीड-दोनशे रुपयांत मिळते आणि लोक हिच्यापायी अख्खा अ‍ॅडॅप्टर बदलतात.

आता अ‍ॅडॅप्टर. त्याच्यावर लाइट असेल तर एक फार उपयोगी तपासणी फुकटात होते. लॅपटॉपला न लावता भिंतीत लावा. लाइट लागली नाही तर अ‍ॅडॅप्टर किंवा मागची वायर गेली. लाइट लागली आणि पिन लॅपटॉपमध्ये घातल्याबरोबर विझली, पिन काढली की थोड्या वेळाने परत लागली, तर अ‍ॅडॅप्टर बहुतेक ठीक आहे, लॅपटॉपच्या आत कुठेतरी शॉर्ट आहे आणि अ‍ॅडॅप्टर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतोय. ही खूण दिसली तर पुन्हा पुन्हा लावून बघत बसू नका, उघडायचंच काम आहे. याच तपासणीने "अ‍ॅडॅप्टर की लॅपटॉप" हा अर्धा प्रश्न सुटतो.

लाइट नसलेला अ‍ॅडॅप्टर असेल तर मल्टिमीटर. घरात नसेल तर ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडे नक्की असतो, तीनशे-चारशेला साधा येतोही. डीसी व्होल्टवर ठेवा, २० च्या रेंजवर काही मीटर काठावर येऊन नुसता १ दाखवतात म्हणून २०० ची रेंज घ्या. गोल पिन असेल तर काळी प्रोब (मीटरच्या वायरचं टोक) बाहेरच्या धातूला आणि लाल आतल्या बाजूला, आणि दोन्ही प्रोब एकमेकांना टेकणार नाहीत याची काळजी घ्या. लेबलवर १९.५ लिहिलं असेल तर १९ ते २० च्या आसपास दिसायला हवं. वायर हलवून, विशेषतः दोन्ही टोकांना मानेजवळ वाकवून आकडा स्थिर राहतोय का बघा, तो पडत-उठत असेल तर वायर आतून तुटलीये. एक मात्र सांगतो, मीटरवर १९ दिसलं म्हणजे अ‍ॅडॅप्टर शंभर टक्के चांगला असं नाही, लोड आल्यावर दम तोडणारे अ‍ॅडॅप्टर असतात, ते दुसरा चार्जर लावल्यावरच कळतं.

डेल आणि एचपीच्या गोल पिनमध्ये मधोमध एक बारीक सुईसारखी पिन असते. ती वीज नेण्यासाठी नाही, तिच्यातून लॅपटॉप चार्जरला विचारतो की तू कोण, किती वॉटचा. ती वाकली, तुटली किंवा तिची आतली बारीक वायर तुटली की चमत्कारिक प्रकार होतो, चार्जरवर लॅपटॉप चालतो पण बॅटरी चार्ज होत नाही आणि सगळं मंद चालतं, कारण ओळख न पटलेल्या चार्जरवर तो सावध राहून कमी वीज वापरतो. डेल तर सुरू होताना अ‍ॅडॅप्टरचा प्रकार ओळखता येत नाही असा मेसेजच देतो. लोक तो एंटर दाबून घालवतात आणि मग बॅटरी बदलतात, आणि नवी बॅटरीही चार्ज होत नाही. मेसेज वाचा.

दुसऱ्याचा चार्जर मागताना अ‍ॅडॅप्टरच्या पोटावरचं लेबल वाचायचं. आउटपुट म्हणून दोन आकडे असतात, व्होल्ट आणि अ‍ॅम्पिअर, दोघांचा गुणाकार म्हणजे वॉट. २० व्होल्ट गुणिले ३.२५ म्हणजे ६५ वॉट, १९.५ गुणिले ४.६२ म्हणजे ९० वॉट. व्होल्ट जुळलेच पाहिजेत, १९ आणि १९.५ मधला अर्ध्याचा फरक सहसा चालतो पण १२ चा किंवा २४ चा नाही. अ‍ॅम्पिअर मूळ चार्जरइतके किंवा जास्त चालतात, जास्त असले म्हणून काही जळत नाही कारण लॅपटॉप लागेल तेवढाच करंट ओढतो. कमी असले तर मात्र चार्ज होणार नाही किंवा वापरताना टक्के उलटे उतरत जातील. पिन बसते म्हणून चार्जर चालेल हा समज सोडा, एकाच जाडीच्या पिन वेगवेगळ्या व्होल्टेजच्या असतात.

टाइप-सीने चार्ज होणारा लॅपटॉप असेल तर गोष्ट थोडी वेगळी आणि मला वाटतं हल्ली सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतोय. लॅपटॉपला दोन टाइप-सी पोर्ट असले तरी दोन्हींतून चार्जिंग होईल असं नाही, शेजारी छोटं प्लगचं किंवा बॅटरीचं चिन्ह किंवा थंडरबोल्टची वीज काढलेली असते का बघा, दोन्ही पोर्टना लावून बघा. दुसरं म्हणजे चार्जर. लॅपटॉपला पॉवर डिलिव्हरी, ज्याला पीडी म्हणतात, ती पद्धत लागते, चार्जर आणि लॅपटॉप आधी आपसात बोलून ५, ९, १५ किंवा २० व्होल्ट ठरवतात. बऱ्याच मोबाइल कंपन्यांचं फास्ट चार्जिंग त्यांचं स्वतःचं असतं, म्हणून मोबाइलच्या चार्जरवर ८० वॉट लिहिलं असलं तरी लॅपटॉपला तो तेवढे देईलच असं नाही. आणि तिसरं, केबल. साधी टाइप-सी केबल ३ अ‍ॅम्पिअरची असते, २० व्होल्टला म्हणजे ६० वॉट, त्याच्या वर जायचं तर ५ अ‍ॅम्पिअरची, आत ओळखचिप असलेली केबल लागते. ६५ किंवा १०० वॉटचा नवा चार्जर आणून जुन्याच मोबाइलच्या केबलने लावला की चार्जिंग मंद होतं किंवा होतच नाही, आणि दोष चार्जरवर जातो. माझ्या मावसभावाने अशा दोन चार्जरचे पैसे घालवले, केबल बदलल्यावर पहिलाच चार्जर नीट चालला. गेमिंग लॅपटॉपचे मूळ चार्जर १८०, २३०, २४० वॉटचे असतात, तो टाइप-सीच्या १०० वॉटवर खेळताना बॅटरी उतरवणारच, तो बिघाड नाही.

पोर्टमध्ये टॉर्च मारून बघा. टाइप-सीमध्ये खिशातल्या कापडाचा भुगा साठून केबल पूर्ण आत बसत नाही, असं फार वेळा असतं. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा, सुई किंवा टाचणी घालू नका. गोल जॅक असेल तर पिन घालून हलकेच वरखाली करा, जॅक आत डुगडुगत असेल किंवा एका ठरावीक कोनातच चार्ज होत असेल तर जॅकचे टाके सुटलेत. हा जॅक बऱ्याच मॉडेलमध्ये छोट्या वायरसकट वेगळा निघतो, दुरुस्ती स्वस्तात होते. वायरला गाठ मारून किंवा खाली पुस्तक ठेवून तो कोन सांभाळत महिनोन्‌महिने वापरू नका, सैल जोडात ठिणगी पडत राहते आणि जॅकच्या आसपासचा बोर्ड जळतो, तेव्हा खरोखर मदरबोर्डचा खर्च येतो. आमच्या कोकणात जून ते सप्टेंबर दमट हवेने जॅकच्या आत हिरवट गंज धरतो, विशेषतः महिनाभर न वापरलेल्या लॅपटॉपला. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी चालू करून तासभर वापरायचा, आणि विजा चमकायला लागल्या की चार्जर भिंतीतून काढायचा, लॅनची केबल असेल तर तीही.

इथपर्यंत सगळं ठीक निघालं आणि तरी लॅपटॉप डेड असेल तर आता पॉवर ड्रेन, म्हणजे आत साठलेली वीज काढून टाकणं. चार्जर काढा, पेनड्राइव्ह, माउस, एचडीएमआय, मेमरी कार्ड सगळं काढा, बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा. पॉवर बटण पूर्ण ३० सेकंद दाबून धरा, घड्याळ बघून, अंदाजाने नाही, मग सोडा, एक मिनिट थांबा, फक्त चार्जर लावा आणि बटण दाबा. बोर्डावर एक छोटा कंट्रोलर असतो जो बटण, चार्जिंग, पंखा बघतो, तो कधी कधी अडकतो आणि साठलेली वीज निघून गेल्यावर ताळ्यावर येतो. लोडशेडिंगमध्ये वीज येत-जात असताना हे जास्त होताना मी बघितलंय. बऱ्याच थिंकपॅडच्या पोटाला याचसाठी एक बारीक भोक असतं, चार्जर काढून त्यात सरळ केलेली पेपर क्लिप हळूच दाबायची. एम १ आणि त्यानंतरच्या मॅकबुकला एसएमसी (अशाच कंट्रोलरचा) रीसेट असा वेगळा प्रकार नाही, बंद करून अर्धा मिनिट थांबून परत चालू करणं हेच त्याचं रीसेट.

निघणारी बॅटरी असेल तर बॅटरीशिवाय नुसत्या चार्जरवर चालू करून बघा. चालू झाला तर दोषी बॅटरी, तिच्यातला शॉर्ट बाकीच्या सगळ्यांना अडवत होता.

आणि वाट बघा. हे मी मुद्दाम वेगळं लिहितोय कारण इथे लोक फार लवकर हार मानतात. लॅपटॉप दोन-तीन महिने कपाटात पडून असेल तर बॅटरी इतकी खाली जाते की तिच्यातलं संरक्षण सर्किट ती बंद करून टाकतं, चार्जर लावल्यावर आधी अगदी बारीक करंटने तिला वर आणावं लागतं आणि तोपर्यंत लाइटही लागत नाही. मूळ चार्जर लावून दोन तास ठेवा, नजरेसमोर, गादीवर नाही तर टेबलावर, आणि मधेमधे बटण दाबत बसू नका. लॉकडाउननंतर शाळेतले बंद पडलेले लॅपटॉप आम्ही असेच एकेक करून उठवले, सगळे नाही उठले पण बरेच उठले.

आता दुसरा प्रकार, लॅपटॉप चालतोय पण चार्ज होत नाही, "प्लग्ड इन, नॉट चार्जिंग" दिसतंय किंवा ६० नाहीतर ८० टक्क्यांवर अडकलाय. आकडा असा गोल असेल तर बहुतेक बिघाडच नाही, बॅटरीचं आयुष्य वाढवायला मर्यादा लावलेली असते. लेनोवोच्या व्हँटेज अ‍ॅपमध्ये कॉन्झर्व्हेशन मोड, आसूसच्या माय-आसूसमध्ये बॅटरी केअर, डेल आणि एचपीमध्ये त्यांच्या अ‍ॅपमध्ये किंवा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) अशी सेटिंग असते, मॅकबुकही बऱ्याचदा ८० टक्क्यांवर थांबून राहतो. सतत चार्जर लावून वापरत असाल तर ती मर्यादा काढू नका, ती चांगलीच आहे.

मर्यादा नसेल तर विंडोजमधला डिव्हाइस मॅनेजर उघडा, बॅटरीजखाली एसीपीआय कम्प्लायंट कंट्रोल मेथड बॅटरी अशा नावाची ओळ असते, ती अनइन्स्टॉल करा, बंद करा, चार्जर काढून परत लावा आणि चालू करा, विंडोज ती स्वतःच परत बसवतो. बायोसचा अपडेट आला असेल तर तोही काही वेळा चार्जिंगचा घोळ मिटवतो, पण बॅटरीत पुरेसा चार्ज नसताना किंवा लाइट जाण्याची शक्यता असताना बायोस अपडेट कधीही सुरू करू नका, अर्ध्यात वीज गेली तर चालता लॅपटॉप खरोखर मरेल.

उन्हाचंही बघा. लिथियम बॅटरीचे सेल साधारण ४५ अंशांच्या वर गेले की चार्जिंग थांबवायचं असं सर्किटला शिकवलेलं असतं. नागपूरला आत्याकडे मे महिन्यात बाहेर ४५, खोलीत कूलर बंद, लॅपटॉप गादीवर आणि पंख्याची जाळी चादरीने झाकलेली, आणि आत्याचा फोन की दुपारी चार्ज होत नाही, रात्री होतो. तिला फक्त टेबल आणि कूलरसमोरची जागा सुचवली.

बॅटरीच म्हातारी झालीये का ते विंडोज आकड्यांत सांगतो. कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इंग्रजीत पॉवरसीएफजी टाइप करा, मग एक स्पेस, मग पुढे झुकणारा स्लॅश आणि त्याला चिकटून बॅटरीरिपोर्ट (powercfg /batteryreport), एंटर. एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली तेही तिथेच लिहून येतं, ब्राउझरमध्ये उघडते. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी हे दोन आकडे बघा. पहिला ४१,००० आणि दुसरा १८,००० असेल तर बॅटरी निम्म्याहून कमी उरलीये, तिच्याकडून अपेक्षा करू नका, बदला.

नवी बॅटरी किंवा अ‍ॅडॅप्टर घेताना भारतात या दोन्हींना बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी सक्तीची आहे. लेबलवर आयएस १३२५२ अ‍ॅडॅप्टरसाठी, आयएस १६०४६ बॅटरीसाठी आणि इंग्रजी आरने सुरू होणारा नोंदणी नंबर असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून कुणाच्या नावावर आहे ते दुकानात उभं राहूनच बघता येतं. तीनशे रुपयांचा बिननावाचा अ‍ॅडॅप्टर घेऊ नका, मी कळकळीने सांगतोय, पन्नास हजारांच्या वस्तूच्या आणि भिंतीतल्या २३० व्होल्टच्या मध्ये तेवढी एकच गोष्ट उभी असते.

उघडायचं असेल तर वॉरंटी संपलेली असली पाहिजे आणि हात स्थिर असला पाहिजे. त्या मॉडेलचा उघडण्याचा व्हिडिओ आधी पूर्ण बघा, स्क्रू कुठला कुठून निघाला ते कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून त्यावर ठेवत जा कारण लांबी वेगवेगळी असते, लांब स्क्रू चुकीच्या जागी पिळला तर बोर्डाला भोक पडतं. झाकण निघाल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा, मगच बाकी कशालाही हात. रॅम काढा, सोनेरी पट्टी स्वच्छ खोडरबरने हलकेच घासा, भुगा झटका, तिरकी घालून खाली दाबून क्लिप लागेपर्यंत बसवा, दोन असतील तर एकेक लावून बघा. लाइट लागते, पंखा फिरतो पण स्क्रीन काळी, अशा लॅपटॉपांपैकी बरेच एवढ्यावर सुरू होतात. डीडीआर-५ रॅम असेल तर पहिल्यांदा चालू व्हायला एक-दोन मिनिटं काळी स्क्रीन राहू शकते, घाबरून बंद करू नका. जुन्या लॅपटॉपमध्ये नाण्यासारखा ३ व्होल्टचा सीएमओएस सेल (बायोसच्या सेटिंग जपणारा) असतो, तो पाच मिनिटं काढून परत लावणं हाही एक उपाय.

याच्या पुढचं, म्हणजे चार्जिंग आयसी, मॉसफेट अशा बारीक चिपा, बोर्डावरचा शॉर्ट, हे घरचं काम नाही. पण दुकानात जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका, काय काय तपासलंय ते सांगा. "अ‍ॅडॅप्टर दुसरा लावून बघितलाय, पिन घातली की अ‍ॅडॅप्टरची लाइट विझते, पॉवर ड्रेन केलंय" असं सांगितलं की समोरचा माणूस वेगळ्या पद्धतीने बोलायला लागतो. विचारायचं की चिप लेव्हल रिपेअर करता की बोर्डच बदलता. चिप लेव्हलवाला कारागीर खराब झालेला एखादा बारीक भाग बदलतो आणि बऱ्याचदा बोर्ड बदलण्याच्या कितीतरी कमी खर्चात काम होतं. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, अशा इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारांत असे कारागीर आणि सुटे भाग दोन्ही मिळतात, गावात कुणी नसेल तर एखादी फेरी करण्यासारखी आहे. अंदाजे खर्च लिहून घ्या, पावतीवर सिरीयल नंबर आणि आतल्या रॅम, एसएसडीचा (फाइली साठवणाऱ्या ड्राइव्हचा) आकार लिहून घ्या, बदललेला जुना भाग परत मागा.

आणि लॅपटॉप देण्याआधी डेटा. लॅपटॉप मेला म्हणजे फाइली मेल्या असं नाही, त्या एसएसडीवर असतात आणि एसएसडी बहुतेक मॉडेलमध्ये एका स्क्रूवर निघते. तिच्या मापाचं यूएसबीचं एन्क्लोजर (बाहेरची डबी) आणून दुसऱ्या लॅपटॉपला पेनड्राइव्हसारखी लावता येते, फक्त एम.२ (पट्टीसारख्या एसएसडी) मध्ये साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार असतात ते बघून घ्या. काही पातळ लॅपटॉपमध्ये आणि सगळ्या नव्या मॅकबुकमध्ये मात्र ती बोर्डालाच जोडलेली असते, तिथे हा मार्ग नाही. विंडोज ११ मध्ये बऱ्याच लॅपटॉपवर ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) झालेली असते, मग ती दुसरीकडे लावली किंवा बोर्ड बदलून आला की बिटलॉकरची (विंडोजच्या या कुलपाची) ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती बहुतेक मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये साठवलेली असते, मोबाइलवरून लॉगिन करून बघता येते. शेजारच्या मुलीचा लॅपटॉप सुरू झाल्यावर आम्ही पहिलं काम तेच केलं, प्रोजेक्टची कॉपी पेनड्राइव्हवर घेतली आणि ती की वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवली.